डॉट झिप: फाइलच्या नावाला वेबसाइटचा पत्ता मिळाला, त्याचं प्रकरण

१० मे २०२३ पासून .झिप असा शेवट असलेलं डोमेन कुणालाही विकत घेता येऊ लागलं. खर्च वर्षाला पंधरा डॉलरच्या आसपास. म्हणजे खिशात बारा-तेराशे रुपये आणि हाताशी एक कार्ड असलं की ‘इनव्हॉइस.झिप’ किंवा ‘सेटअप.झिप’ अशा धाटणीच्या नावाची वेबसाइट काढायची सोय झाली. त्याआधीची चौतीस वर्षं झिप म्हणजे फक्त फाइल होती.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत संगणक सुरक्षेत काम करणाऱ्यांनी यावर बराच गदारोळ केला. फसवणुकीचे नमुने करून दाखवले, कंपन्यांच्या आयटी विभागांनी धडाधड ब्लॉक लावले, आणि हा शेवट विक्रीला काढणाऱ्या गूगलने ‘यात नवीन काही नाही’ असं उत्तर दिलं. आता धूळ खाली बसली आहे, तेव्हा कोणाच्या म्हणण्यात किती तथ्य होतं हे शांतपणे बघता येतं.

माझं मत आधीच सांगतो. .झिप द्यायला नको होतं. पण ज्या कारणासाठी तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला, ते कारण मला दुय्यम वाटतं. खरी गोम वेगळी आहे: लोकांनी आधीच लिहून ठेवलेल्या साध्या मजकुराचा अर्थ, त्यांना न विचारता, बाहेरून बदलला गेला. आणि त्याची जबाबदारी घ्यायला कोणीच नव्हतं.

इथवर कसं आलं

झिप फॉरमॅट १९८९ सालचा. अमेरिकेतल्या फिल कॅट्झ यांच्या पीकेवेअर कंपनीने पीकेझिप नावाचा प्रोग्रॅम काढला आणि फॉरमॅटची माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवली. म्हणूनच तो पसरला. विंडोज एक्सपीपासून तर झिप उघडायला वेगळं सॉफ्टवेअरही लागेनासं झालं. आज वर्डची .डॉक्सएक्स फाइल, एक्सेलची .एक्सएलएसएक्स, अँड्रॉइडची .एपीके, या सगळ्या पोटातून झिपच असतात. ऑफिसात ‘झिप करून पाठव’ हे वाक्य ज्याने कधी ऐकलं नाही असा कारकून सापडणं कठीण.

दुसरा धागा आयकॅनचा. इंटरनेटवरच्या पत्त्यांचे शेवट, म्हणजे .कॉम, .ऑर्ग, .इन यांसारखी टॉप लेव्हल डोमेनं, कोणाला द्यायची याची व्यवस्था ही संस्था बघते. २०१२ मध्ये तिने नव्या शेवटांसाठी अर्ज मागवले. एका अर्जाचं शुल्क १,८५,००० डॉलर. तरीही १,९३० अर्ज आले. त्यातले १०१ एकट्या गूगलचे होते, चार्ल्सटन रोड रजिस्ट्री या आपल्या उपकंपनीच्या नावाने केलेले. १३ जून २०१२ ला सगळी यादी जाहीर झाली, त्यात .झिप होतं आणि .मोव्हही होतं. मोव्ह हा ॲपलच्या क्विकटाइमचा व्हिडिओ फॉरमॅट, १९९१ पासूनचा. आयफोनवर काढलेले व्हिडिओ आजही याच एक्स्टेंशनने सेव्ह होतात.

२०१४ मध्ये हे दोन्ही शेवट इंटरनेटच्या मुळाशी, म्हणजे रूट झोनमध्ये, नोंदले गेले. मग जवळजवळ नऊ वर्षं सामसूम. ३ मे २०२३ ला गूगलने एकदम आठ शेवट विक्रीला काढल्याचं जाहीर केलं: .डॅड, .पीएचडी, .प्रोफ, .ईएसक्यू, .फू, .झिप, .मोव्ह आणि .नेक्सस. पहिला आठवडा जास्तीचं शुल्क भरून नाव आधी पटकावणाऱ्यांचा, ते शुल्क रोज थोडं उतरणारं. आणि १० मेपासून सर्वांना नेहमीचा दर. जाहिरातीचा सूर खेळकर होता: झिप म्हणजे गोष्टी एकत्र बांधणाऱ्यांसाठी किंवा सुसाट जाणाऱ्यांसाठी. फाइलचा उल्लेख टाळून झिपची जाहिरात करायची म्हणजे कसरतच, पण ती त्यांनी केली.

काही दिवसांतच सायलेंट पुश या सुरक्षा कंपनीला ‘मायक्रोसॉफ्ट-ऑफिस.झिप’ या पत्त्यावर मायक्रोसॉफ्टच्या लॉगिनचं बनावट पान दिसलं. नवा शेवट खुला करण्याआधी ट्रेडमार्कधारकांना आपलं नाव आधी राखून ठेवायला मुदत द्यावी लागते, असा आयकॅनचा नियमच आहे. पण ट्रेडमार्कच्या जोडीला एक आडवी रेघ आणि दुसरा शब्द आला की ती राखण संपते. आणि या प्रकरणात खरी धोक्याची नावं मुळात कोणाच्या मालकीची नव्हतीच. ‘इनव्हॉइस’, ‘बॅकअप’, ‘डॉक्युमेंट्स’, ‘सॅलरी-स्लिप’ यांवर कोण ट्रेडमार्क सांगणार? ब्रँडचं रक्षण करायला यंत्रणा होती, रोजच्या शब्दांचं रक्षण करायला नव्हती.

एक लिंक चिरून बघू

मे २०२३ मध्येच बॉबी राऊच या सुरक्षा संशोधकाने एक नमुना प्रसिद्ध केला. सगळ्या चर्चेत तोच सर्वाधिक फिरला, आणि बघण्यासारखा आहे म्हणून जरा जवळून बघतो. साधारण अशी लिंक (खरी अर्थात रोमन लिपीतली):

एचटीटीपीएस://गिटहब.कॉम∕कुबरनेटिस∕अर्काइव्ह∕टॅग्ज∕@व्ही१२७१.झिप

बघणाऱ्याला वाटतं, गिटहब या सॉफ्टवेअर ठेवायच्या साइटवर कुबरनेटिस नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याची १.२७.१ ही आवृत्ती झिप करून ठेवली आहे, तीच उतरवायची. प्रत्यक्षात ब्राउझर गिटहबकडे फिरकतसुद्धा नाही.

कारण असं. वेब पत्त्याच्या व्याकरणात, सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतर @ आलं, तर @ च्या आधीचा भाग म्हणजे वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड. खरा पत्ता @ च्या नंतर सुरू होतो. ही जुन्या काळची सोय आहे. म्हणजे वरच्या लिंकमध्ये ‘गिटहब.कॉम’पासून ‘टॅग्ज’पर्यंत सगळं काही केवळ ‘वापरकर्त्याचं नाव’. पत्ता एवढाच: व्ही१२७१.झिप.

इथे एक अडचण येते. @ च्या आधी खरी तिरकी रेघ आली, तर पत्त्याचा भाग तिथेच संपतो आणि ब्राउझर बरोबर गिटहबवर जातो. म्हणून लिंक रचणाऱ्याने खऱ्या रेघेऐवजी युनिकोड या जागतिक अक्षरसंचातली तिची जुळी बहीण घेतली. अपूर्णांक लिहायची एक वेगळी रेघ असते, भागाकाराची आणखी एक वेगळी. डोळ्याला तिन्ही सारख्याच, ब्राउझरच्या लेखी तिन्ही निराळ्या. डोमेनच्या नावात असली अक्षरं चालवून घेतली जात नाहीत, पण वापरकर्त्याच्या नावाच्या जागी ती क्रोममध्ये खपून गेली. त्यावर कडी म्हणजे ईमेलमध्ये @ या एकाच चिन्हाचा फॉन्ट एक पॉइंटचा केला की तेही दिसेनासं होतं.

हा नमुना हुशार आहे, वाद नाही. पण तो बघून ‘झिपमुळे आभाळ कोसळलं’ म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नव्हतो. @ ची युक्ती वीस वर्षांहून जुनी. तिच्यामुळे एवढी फसवणूक होत होती, की फेब्रुवारी २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररमधून वेब पत्त्यातली ही सोयच काढून टाकली होती. इतर ब्राउझरांनी ती ठेवली. तेव्हा यात पहिला दोष @ चा, दुसरा जुळ्या रेघांचा; .झिपचा वाटा शेवटच्या घासापुरता. पण तो घास चांगला गोड होता, हे मान्य करायला हवं. एरवी अशा लिंकच्या शेवटी कुठलं तरी अनोळखी डोमेन लटकलेलं दिसतं, आणि सावध माणूस तिथेच थबकतो. इथे शेवटी जे असायला हवं तेच दिसतं.

ब्राउझरमधलं खोटं विनरार

त्याच महिन्यात ‘मिस्टर डॉक्स’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या संशोधकाने दाखवलेला नमुना मला जास्त अस्वस्थ करणारा वाटला. त्यात लिंकची चलाखी नाही. .झिपने संपणारं डोमेन उघडलं की ब्राउझरमध्ये हुबेहूब विनरारची, म्हणजे झिप-रार फाइली उघडायच्या सॉफ्टवेअरची, खिडकी दिसते. वर बटणांची ओळ, खाली फाइलींची यादी, आकार, तारीख. एक ‘स्कॅन’चं बटणही, ते दाबलं की फाइली सुरक्षित असल्याचा निर्वाळा मिळतो. दुसरा अवतार विंडोज ११ च्या फाइल एक्सप्लोररचा. हे सगळं वेबपानावर रंगवलेलं नाटक. यादीतल्या पीडीएफवर क्लिक केलं की एकतर लॉगिनचं खोटं पान येतं, नाहीतर पीडीएफ म्हणून .ईएक्सई, म्हणजे चालू होणारा प्रोग्रॅम, उतरतो.

त्याने आणखी एक बारकावा नोंदवला. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या पट्टीत फाइलचं नाव टाकलं, आणि ती फाइल संगणकावर नसली, तर विंडोज ते नाव ब्राउझरकडे सोपवतं. म्हणजे माणूस शोधतोय स्वतःच्या डिस्कवरची फाइल, आणि पोचतोय भलत्याच्या वेबसाइटवर. कोणी त्याला लिंकसुद्धा पाठवलेली नाही.

आपल्याकडच्या सवयींकडे बघितलं की हे नाटक इथे किती सहज वठेल हे लक्षात येतं. आधारची ऑफलाइन ई-केवायसी झिप फाइलमध्ये मिळते आणि ती उघडायला चार आकडी शेअर कोड लागतो. आयकर खात्याचा २६एएस हा फॉर्म मजकूर स्वरूपात घेतला तर तोही झिपमध्ये, पासवर्ड जन्मतारीख. ट्रेसेस या टीडीएसच्या सरकारी पोर्टलवरून कंपन्या फॉर्म १६ उतरवतात तेही झिपमध्येच, पासवर्डसकट. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात जुलै महिन्यात डोकावलं तर हेच चाललेलं दिसेल: झिप आली, खिडकी उघडली, पासवर्ड मागितला, टाकला. झिपने गुपित मागणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट. जिथे खरी झिपच जन्मतारीख विचारते, तिथे खोट्या झिपने पॅन नंबरही विचारला तर किती जण थांबतील?

वेळही नेमकी वाईट होती. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो, म्हणजे फाइलीच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम, बंद ठेवायला सुरुवात केली, आणि व्हायरस पाठवणारे वर्ड-एक्सेल सोडून झिप-रारकडे वळले. एचपीच्या सुरक्षा विभागाने त्याच वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीत पकडलेल्या घातक फाइलींपैकी ४४ टक्के अशा कॉम्प्रेस केलेल्या फाइलींतून आलेल्या होत्या, ऑफिसच्या कागदपत्रांपेक्षा जास्त. सुरक्षावाले जीव तोडून ‘झिपपासून जपा’ सांगत होते, तेव्हाच झिपला पत्ता मिळाला.

मजकुराची आपोआप लिंक होते तेव्हा

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे.

आपण व्हॉट्सॲप, टेलिग्राम, एक्स (पूर्वीचं ट्विटर), ईमेल यांत ‘अमुक.कॉम’ असं नुसतं लिहिलं तरी त्याची निळी लिंक होते. ती आपण करत नाही, सॉफ्टवेअर करतं. ते बघतं, की टिंबानंतरचा शब्द मान्य शेवटांच्या यादीत आहे का. असला तर लिंक. यादी काळानुसार वाढत जाते, ॲप अपडेट होतं, आणि एके दिवशी त्यात ‘झिप’ आणि ‘मोव्ह’ येतात.

त्या दिवसापासून काय होतं ते बघा. समजा एका शाळेच्या संगणक शिक्षकांनी २०१६ मध्ये पालकांना सूचना लिहिली: ‘सोबत स्नेहसंमेलन-फोटो.झिप जोडली आहे, ती उघडून आपापले फोटो घ्यावेत.’ (फाइलचं नाव अर्थातच रोमन अक्षरांत.) सूचना साधी, हेतू सरळ. ती कुठे तरी ऑनलाइन पडून आहे. सात वर्षांनी तोच मजकूर, एक अक्षर न बदलता, नव्या यादीचं सॉफ्टवेअर दाखवतं तेव्हा फाइलच्या नावाखाली निळी रेघ आलेली असते. आता ती फाइल राहिली नाही, पत्ता झाला. त्या नावाचं डोमेन कोणी घेतलेलं नसेल तर पान सापडत नाही, एवढंच. घेतलेलं असेल, तर शिक्षकांच्या सूचनेत, शिक्षकांच्या नावाखाली, भलत्याची लिंक. पालक क्लिक करणारच, सरांनीच पाठवली आहे ना.

ट्विटरवर असंच काहीसं दिसलं. ट्वीटांत साधी लिहिलेली .झिप आणि .मोव्ह फाइलींची नावं आपोआप लिंका झाली. लिहिणाऱ्यांपैकी कोणी काही केलं नव्हतं.

फिशिंगच्या, म्हणजे खोट्या संदेशाने गुपितं काढून घेण्याच्या, इतर प्रकारांत ठकसेनाला निदान संदेश पाठवावा लागतो, नाव चोरावं लागतं, खटपट करावी लागते. इथे संदेश कोणीतरी प्रामाणिक माणसाने केव्हाच पाठवून ठेवला आहे. ठकसेनाने फक्त बारा-तेराशे रुपये भरून पत्ता घ्यायचा आणि वाट बघायची. तांत्रिक मदतीच्या सूचना, सॉफ्टवेअर कसं बसवायचं याची पानं, ड्रायव्हर कुठून घ्यायचे याच्या चर्चा, अशा मजकुरात .झिपने संपणारी नावं किती असतील याला गणती नाही. आणि ज्या नावांचा सगळ्यात जास्त वापर, ‘अपडेट’, ‘सेटअप’, ‘बॅकअप’, तीच डोमेनं म्हणून सगळ्यात मोलाची.

काही भल्या माणसांनी असली नावं स्वतःच विकत घेऊन त्यावर ‘सावधान’ अशी पाटी लावून ठेवली, ही कौतुकाची गोष्ट. पण दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे भरून कोण किती काळ पाटी धरून उभं राहणार?

कमांड डॉट कॉमचा दाखला

गूगलचं उत्तर थोडक्यात असं: फाइलचं नाव आणि डोमेन यांत गोंधळ होणं नवीन नाही. थ्रीएम कंपनी आपल्या ‘कमांड’ उत्पादनांसाठी कमांड.कॉम हे डोमेन वापरते, आणि कमांड.कॉम हा एमएस-डॉसचा महत्त्वाचा प्रोग्रॅमही होता. अशा गोंधळावर उपाय, उदाहरणार्थ घातक साइटींबद्दल सावध करणारं गूगल सेफ ब्राउझिंग, आधीपासून आहेत आणि तेच .झिपलाही लागू पडतील.

दाखला चतुर आहे. .कॉम हे डॉसच्या प्रोग्रॅम फाइलींचं एक्स्टेंशन होतं, त्याच्याही आधी सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचं. डोमेन म्हणून .कॉम १९८५ मध्ये आलं. म्हणजे सगळ्यात मोठं डोमेन मुळात फाइल एक्स्टेंशनच! जग बुडालं नाही.

पण जरा खोलात गेलं की दाखला उलटतो. १९८५ मध्ये डॉस वापरणारा इंटरनेटवर नव्हता आणि इंटरनेटवर असणारा विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत होता. क्लिक करायला लिंकच नव्हत्या; वेब यायला काही वर्षं होती. आणि सामान्य माणूस जोडलेल्या फाइली उघडायला लागला, तोवर .कॉम फाइली मावळतीला आल्या होत्या. एकाच वेळी, एकाच माणसाच्या हातात दोन्ही कधी फारसे जिवंत नव्हते. झिपचं तसं नाही. ती आज सकाळी आलेल्या मेलमध्येही आहे.

शिवाय .कॉमच्या या दुहेरी अर्थाचा गैरफायदा कोणी घेतलाच नाही, हेही खरं नाही. जानेवारी २००२ मध्ये ‘मायपार्टी’ नावाचा व्हायरस ईमेलमधून पसरला. पार्टीचे फोटो आहेत असं सांगणारी मेल, आणि तिला जोडलेल्या फाइलचं नाव: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.मायपार्टी.याहू.कॉम. लोकांना वाटलं याहूवरची लिंक आहे. होती ती फाइल, .कॉम एक्स्टेंशनचा चालू होणारा प्रोग्रॅम. पत्त्याचं सोंग घेतलेली फाइल तेव्हा आली होती, फाइलचं सोंग घेतलेला पत्ता आता आला. गूगलने जे उदाहरण ‘काही होत नाही’ म्हणून दिलं, त्याच एक्स्टेंशनने त्याच्या एकवीस वर्षं आधी काय होतं ते दाखवून ठेवलं होतं.

देशांच्या दोन अक्षरी शेवटांचा मुद्दाही चर्चेत आला. पोलंडचं .पीएल पर्ल भाषेच्या फाइलींशी जुळतं, सेंट हेलेनाचं .एसएच शेल स्क्रिप्टशी, पॅराग्वेचं .पीवाय पायथनशी, सर्बियाचं .आरएस रस्टशी. मोल्डोव्हाच्या .एमडीमुळे तर प्रोग्रॅमर मंडळींनी चॅटमध्ये रीडमी.एमडी लिहिलं की लिंक होते, हा जुनाच ताप. पण ही अक्षरं देशांना आंतरराष्ट्रीय संकेतांच्या यादीतून मिळालेली. मोल्डोव्हाने काही मार्कडाउनकडे, म्हणजे .एमडी फाइलींच्या फॉरमॅटकडे, बघून नाव घेतलं नाही. उलट बहुतेक वेळा फाइलवाल्यांनीच नंतर ती अक्षरं उचलली. .झिपच्या बाबतीत एका कंपनीने कोरा कागद समोर असताना, पैसे भरून, नेमकं हेच नाव मागितलं.

चाचणीत हे सुटलं कसं

अर्जांची छाननी कडक नव्हती असं नाही. २०१२ च्या नियमपुस्तिकेत प्रत्येक नाव चाळणीतून जायचं: राखीव नावांत आहे का, दुसऱ्या एखाद्या शेवटासारखं दिसतं का, डोमेन व्यवस्थेच्या स्थैर्याला धोका आहे का, एखाद्या जागेचं नाव आहे का. फाइलच्या एक्स्टेंशनसारखं दिसतं का, ही चाळणी नव्हती.

आणि गोंधळाची शक्यता कोणाच्या डोक्यात आली नव्हती असंही नाही. .होम, .कॉर्प, .मेल या तीन नावांचं काय झालं ते बघा. कंपन्या आपल्या अंतर्गत नेटवर्कवर ही नावं खाजगीत वापरत होत्या. ती खरी डोमेनं झाली तर आतली विनंती बाहेर जाईल, हे २०१३ च्या अभ्यासात आकडेवारीने दिसलं. रूट सर्व्हरवर अशा चुकार विनंत्यांचा पाऊस पडत होता, मोजता येत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयकॅनच्या मंडळाने त्या तिन्ही नावांचे अर्ज पुढे न न्यायचं ठरवलं. बाकीच्या नव्या शेवटांनाही नव्वद दिवस १२७.०.५३.५३ असा मुद्दाम विचित्र उत्तर देणारा काळ पाळावा लागला, म्हणजे कुठे टक्कर होत असेल तर नेटवर्क सांभाळणाऱ्याच्या लक्षात यावं.

यंत्राची यंत्राशी होणारी टक्कर मोजता आली म्हणून ती थांबवली. माणसाच्या वाचण्यात होणारी टक्कर कुठल्याही सर्व्हरच्या नोंदीत पडत नाही. ती मोजली गेली नाही, म्हणून नव्हती असं धरलं गेलं.

(आपलं .भारत या बाबतीत सुदैवी म्हणायचं. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत ते सुरू झालं, मराठीसकट आठ भाषांसाठी. देवनागरी एक्स्टेंशनची फाइल अजून तरी कोणी काढलेली नाही.)

मग आभाळ कोसळलं का?

नाही. .झिपवर फिशिंग झालं, पण लाट आली नाही. ठकसेनांचं लक्ष स्वस्त डोमेनांवर असतं, आणि .झिप फार स्वस्त नाही. जुलै २०२४ मध्ये फिशिंगच्या तक्रारींची नीट दखल घेत नसल्याबद्दल आयकॅनने नोटीस काढली ती .टॉप या शेवटाच्या चालकाला. शिवाय ५ एप्रिल २०२४ पासून आयकॅनच्या करारांतच बदल झाला असून, ठोस पुरावा मिळाल्यावर फिशिंगची डोमेनं रोखणं रजिस्ट्रींना, म्हणजे शेवट चालवणाऱ्या कंपन्यांना, बंधनकारक आहे. सेफ ब्राउझिंग आहे, सगळ्यांचे डोळे .झिपवर होते, आणि ठिकठिकाणी ते ब्लॉक झालं. इतक्या उजेडात चोर कमीच फिरकतात.

आपल्याकडची फसवणूक तर भलत्याच दाराने आली. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, बँकेची केवायसी अशा नावांच्या .एपीके फाइली व्हॉट्सॲपवर फिरल्या, अजूनही फिरतात. तिथे डोमेन लागलंच नाही. फाइलच्या नावावरचा विश्वास मात्र तोच.

‘काढून टाका’ म्हणणाऱ्यांचं काय झालं

एक प्रयत्न मजेशीर होता. ब्राउझर एक ‘पब्लिक सफिक्स लिस्ट’ वापरतात. कुठल्या शेवटाखाली स्वतंत्र मालकांची डोमेनं नोंदवली जातात हे त्यावरून कळतं, आणि एका साइटच्या कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) दुसरीला वाचता येऊ नयेत यासाठी ती उपयोगी पडते. फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या पुढाकाराने सुरू झालेली ही यादी स्वयंसेवक सांभाळतात. मे २०२३ मध्ये कोणीतरी तिथे प्रस्ताव टाकला, की यादीतून .झिप काढा. अनेकांनी टाळ्या वाजवल्या. यादी सांभाळणाऱ्यांनी नकार दिला, आणि माझ्या मते बरोबर केलं. ही यादी वस्तुस्थितीची नोंद आहे, आवडनिवड सांगायची जागा नाही. शिवाय यादीत नसलेला शेवटही तिच्या नियमानुसार शेवटच धरला जातो, त्यामुळे .झिप काढून फारसा फरकही पडला नसता. डोमेन जागच्या जागीच राहिलं असतं.

दिलेला शेवट परत घेणं जवळपास अशक्य. आयकॅनचा रजिस्ट्रीशी करार दहा वर्षांचा असतो आणि गंभीर भंग नसेल तर तो पुढे चालू राहील असं गृहीत असतं. त्यावर प्रामाणिकपणे साइट चालवणारेही असतात, त्यांचा काय दोष? गंमत म्हणजे विक्री खुली झाल्यावर महिना-सव्वा महिन्यातच, जून २०२३ मध्ये, गूगलने आपला डोमेन विकण्याचा धंदा, गूगल डोमेन्स, स्क्वेअरस्पेसला देत असल्याचं जाहीर केलं. .झिपची रजिस्ट्री तेवढी त्यांच्याकडे राहिली.

ऑफिसात लावायचा ब्लॉक

ज्यांच्या हाती नेटवर्क आहे त्यांनी काय करावं, यावर मतभेद आहेत. माझं मत सरळ आहे: ऑफिसात .झिप आणि .मोव्ह ही डोमेनं सरसकट बंद ठेवा. कामाची एखादी साइट अडली तर तेवढी उघडा. अडणाऱ्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघेल.

पण ब्लॉक लावताना एक चूक सर्रास होते. फायरवॉलमध्ये किंवा प्रॉक्सीत नियम लिहिला जातो, ‘पत्ता .झिपने संपत असेल तर अडवा.’ याने दोन्हीकडून पंचाईत. एखाद्या सरकारी साइटवरून उतरवायची रीतसर झिप फाइल अडते, कारण तिचाही पूर्ण पत्ता .झिपनेच संपतो, आणि ‘काहीतरी.झिप’ या डोमेनवरचं लॉगिनचं पान आरामात सुटतं, कारण त्याच्या पत्त्यात .झिपनंतर तिरकी रेघ आणि पुढे ‘लॉगिन’ असतं. नियम पूर्ण पत्त्यावर लावायचा नसतो, फक्त होस्टच्या, म्हणजे साइटच्या, नावावर लावायचा असतो. त्याहून सोपं म्हणजे ऑफिसच्या डीएनएसमध्येच (साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेत) या दोन शेवटांना ‘असं नाव नाही’ असं उत्तर द्यायचं. तिथे फाइलींचा प्रश्नच येत नाही, कारण डीएनएसला फाइल माहीत नसते.

मेलमध्ये फाइलचं नाव लिहिणं टाळा, असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो मला पटत नाही. माणसाने आपल्या फाइलचं नाव लिहू नये, कारण एका कंपनीने त्याचा पत्ता करून विकला? लिंक आपोआप करणाऱ्या ॲपनी आपली यादी आवरावी, हे जास्त न्याय्य. नावाच्या आधी ‘एचटीटीपीएस://’ किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसेल तर .झिप-.मोव्हची लिंक करू नये, एवढा एक अपवाद लिहायला कोणत्याही ॲपला फार कोड लागत नाही.

दरम्यान आयकॅनने नव्या शेवटांच्या पुढच्या फेरीची तयारी केली. २०२६ च्या त्या फेरीसाठी अर्जाचं शुल्क २,२७,००० डॉलर ठेवलं आहे. .पीडीएफ, .एपीके, .एक्सएलएसएक्स हे शेवट आज कोणाच्याही मालकीचे नाहीत.